टाकीवरचं पाणी

सचिवानं सगळ्यांना कचेरीत बोलावलं ते भर दुपारी, आणि चावीवाला पोचला तेव्हा बसायला जागा उरली नव्हती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. हातात लोखंडी चावी होती, कमरेइतकी उंच, वर आडवी मूठ असलेली. गावच्या पाण्याचे वॉल्व्ह जमिनीखाली खड्ड्यात होते, ते या चावीनं फिरवायचे, म्हणून त्याला चावीवाला नाव पडलं होतं. खरं नाव कचेरीच्या हजेरीपत्रकात होतं, आणि तिथंही ते चुकीचंच लिहिलेलं होतं.

उन्हानं यंदा ताळतंत्र सोडलं होतं. नदीत नुसते गोटे दिसत होते. पलीकडच्या दोन गावांत जुलाब-उलट्यांची साथ सुरू झाली होती, म्हणून वरून हुकूम आला होता की प्रत्येक गावानं तात्पुरत्या दवाखान्याची जागा ठरवावी आणि आराखडा चार दिवसांत पाठवावा. सचिवापुढे छापील तक्ता होता. तो एकेक रकाना वाचत होता आणि अध्यक्षबाई पदरानं वारा घेत उत्तरं देत होत्या.

“जागा?”

“बाजाराची शेड. वर पत्रा आहे, खाली फरशी आहे. आणखी काय पाहिजे?”

“खाटा वीस लागतील म्हणतात.”

“वीस लिहा. मांडववाल्याकडे आहेत.”

मांडववाला मागून म्हणाला, “अकरा आहेत बाई. त्यातल्या दोन तर टेकू दिल्याशिवाय उभ्या राहत नाहीत.”

“वेळेला जमवू. वीस लिहा.”

सचिवानं वीस लिहिलं. मग मान वर केली. “पाणी. चावीवाला आलाय का?”

“आलोय साहेब. पाणी आहे. पण बाजाराच्या मागं नळ गटारातून जातो ना, तिथं तो कुजलाय. पाणी चालू असतं तोवर बाहेर गळतं, त्याचं एवढं काही नाही. पण आपण दोनच तास सोडतो. बंद केलं की नळ रिकामा होतो आणि उलटा ओढायला लागतो. गटारातलं आत घेतो. दुसऱ्या दिवशी तेच पुढं…”

“रकाना एवढासा आहे रे,” सचिव म्हणाला. “पाणी येतं की नाही तेवढं सांग.”

“येतं, पण…”

“येतं.” सचिवानं ‘उपलब्ध’ असं लिहिलं.

“वॉल्व्ह बंद करतो, तसं याचं तोंड पण बंद करायला एक चावी पाहिजे,” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तोही हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण सगळे हसत असताना एकट्यानं तोंड पाडून उभं राहणं त्याला कधी जमलं नव्हतं.

बाहेर पडताना सचिवानं त्याला गाठलं. माणूस वाईट नव्हता. “बारा फूट पाइपाचा अर्ज मी तीनदा वर पाठवलाय,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “माझ्या हातात कागद आहेत. पाइप असता तर मी स्वतः खांद्यावर आणून दिला असता.”

चावीवाल्याचं घर खालच्या आळीत होतं. घरात तिघं. तो, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, तेव्हापासून आक्कानंच त्याला वाढवलं. लग्न होऊन वर्षभरात ती माघारी आली होती, का ते कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आता सत्तरीला आली होती, कंबर वाकली होती, पण जीभ ताठ होती.

“काय झालं मीटिंगीत?” तिनं विचारलं.

“दवाखाना होणार आहे शेडमध्ये. साथ आलीच तर.”

“आणि पाणी तुझ्या त्या गटारातलं?”

त्यानं चावी कोपऱ्यात उभी केली.

“बोललास का?”

“बोललो.”

“काय म्हणाले?”

“लिहून घेतलं.”

दुसऱ्या दिवशी वॉल्व्ह बंद केल्यावर तो आणि त्याची बायको कुदळ, पाटी, सायकलची फाटकी ट्यूब घेऊन बाजारामागं गेले. गटारावरच्या फरश्या सरकवल्या तसा वास अंगावर आला. बायकोनं साडी खोचली, तोंडाला फडकं बांधलं आणि त्याच्या आधी आत उतरली. पोटऱ्यांपर्यंत काळा गाळ होता. ती पाटीनं गाळ उपसायची, तो वर ओतायचा. तासाभरानं नळ दिसला. त्याला हात लावला तर गंजाचे पापुद्रे हातात आले, कांद्याचे निघावेत तसे.

“अहो, ह्याला नळ म्हणायचं?” ती म्हणाली. “चाळणी आहे ही.”

त्यानं ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि करकचून गुंडाळल्या, वरून तार आवळली. एका ठिकाणी आवळलं की शेजारी चिरायचं. ती नळ धरून बसली होती, हात कोपरापर्यंत काळे, आणि घाम डोळ्यांत जात होता तरी पुसता येत नव्हता. त्यानं दंडानं तिचं कपाळ पुसलं, तर त्याच्याच दंडावरचा गाळ तिच्या कपाळाला लागला. ती हसली. “राहू द्या. आता कुठं मिरवायचंय.”

पट्ट्या तीन दिवस टिकल्या. चौथ्या दिवशी सकाळी पाणी सोडल्यावर गटारात पुन्हा बुडबुडे दिसले. जंतू मारायला टाकीत टाकायची पावडर होती ती मागल्या वर्षीची, पोत्यातच दगड झालेली, नाकाला लावली तरी झोंबत नव्हती.

त्या दिवसापासून तो टेकडीवर टाकीची पातळी बघायला जायचा तेव्हा सायकलला एक कॅन अडकवून न्यायला लागला. टाकीच्या बुडाशी एक बारीक तोटी होती. तिथलं पाणी गटाराच्या अलीकडचं, म्हणजे चांगलं. घरात प्यायला तेच वापरायचं असं त्यानं सांगितलं. शेजारीपाजारीही त्यानं सांगितलं, पाणी उकळून प्या. पण उकळायला जळण लागतं, आणि रोज दोन मैल चढ चढून टाकीवर जायला पायांत जोर लागतो. लोक ऐकायचे, हो म्हणायचे आणि घागर नळाखाली लावायचे. तोही मग फार बोलत नसे. कॅनवर पोतं टाकून आणायचा. का टाकायचा, ते त्यानं स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं.

आठवड्यानं खालच्या आळीतला शिंपी आजारी पडला. सकाळी मशीनवर बसला होता, दुपारी त्याला उठवत नव्हतं. त्याच दिवशी आणखी चार जण. दुसऱ्या दिवशी तेरा. अध्यक्षबाईंनी शेड उघडायला लावली.

आराखड्याची प्रत सचिवानं खांबाला चिकटवली होती. त्याखाली अकरा खाटा लागल्या, दोन खाटांना विटांचे टेकू दिले. उरलेली माणसं फरशीवर चादरी टाकून निजवली. पत्रा तापून खाली भट्टी झाली होती. डॉक्टर शहरातून येणार होते, पण शहरात त्यांच्याच दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नर्सबाई तेवढ्या आल्या, स्कूटरला सलाइनचं एक खोकं बांधून. पन्नाशीच्या, रुंद हाडाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शेडभर एकदा नजर फिरवली, खांबावरचा कागद वाचला आणि विचारलं, “यातलं खरं काय काय आहे?”

सचिव म्हणाला, “शेड आहे.”

“पाणी?”

सचिवानं चावीवाल्याकडे बघितलं. चावीवाल्यानं या वेळी सगळं सांगितलं, गटार, कुजका नळ, रिकामा झाला की उलटा ओढतो ते. नर्सबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे आजार नळातनंच येतोय.”

“हो बाई.”

“मग तो चालू कशाला ठेवलाय?”

हे त्याला कोणी आजवर विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वॉल्व्ह उघडलाच नाही. चावी खालच्या आळीतल्या खड्ड्याच्या कडेला ठेवली आणि तिथंच बसून राहिला.

सूर्य डोक्यावर येईस्तोवर घागरी वाजायला लागल्या होत्या. आधी पाचसहा बायका आल्या, मग दोन्ही आळ्या लोटल्या. त्यानं उभं राहून सांगायला सुरुवात केली की पाणी वाईट आहे, टाकीवर तोटी आहे, तिथं या, मी भरून देतो. मागच्यांना ऐकू जात नव्हतं, पुढच्यांना ऐकायचं नव्हतं.

“माझी सासू आंधळी आहे, तिला घेऊन टाकीवर येऊ?”

“उन्हानं जीव चाललाय आणि हा पाणी अडवून बसलाय.”

शिंप्याची बायको सगळ्यांच्या पुढं होती. नवरा शेडमध्ये नको, माणसं तिथं मरायला नेतात म्हणून तिनं त्याला घरीच ठेवलं होतं. तिनं आवाज चढवला नाही. “भाऊजी,” ती म्हणाली, “आळीत घरटी माणूस आडवं आहे. तुमच्या घरी कसं कोणी नाही?”

पुढच्या बायका त्याच्याकडे वळल्या.

“आम्ही टाकीवरचं पितो,” तो म्हणाला.

“ते माहीत आहे. पोत्याखाली कॅन असतो, तो आळीला दिसतो. रोज दिसतो.”

“मी सांगितलं होतं वहिनी. उकळून प्या म्हणून.”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आमच्या घरी सांगितलंत आणि तुमच्या घरी आणलंत.”

त्याची मान खाली गेली. आक्का आपल्या उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती, हे त्याला नंतर कळलं.

अध्यक्षबाई आल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता, घरात जाऊ पडून होती. “उघड,” त्या म्हणाल्या.

“बाई, ह्याच पाण्यानं…”

“माहीत आहे मला. पण या उन्हात बिनपाण्याची माणसं संध्याकाळपर्यंत टिकायची नाहीत. टँकर मागितलाय. यादीत नाव आहे म्हणतात. टँकर आला की बंद कर. आत्ता उघड.”

दोन्ही बाजूंनी मरणच होतं, आणि मधल्या खड्ड्याची चावी तेवढी त्याच्या हातात होती. त्यानं ती घातली. फिरवली. अकरा फेरे. प्रत्येक फेऱ्याला मूठ तळहातात रुतत होती. खालून पाणी धावल्याचा आवाज आला तशा बायका पांगल्या.

त्या संध्याकाळी आक्का काठी घेऊन बाहेर पडली. 

“कुठं निघालीस?”

“शिंप्याकडे. पोरगी एकटी काय काय करणार.”

“आक्का, तिथलं काही…”

“मला शिकवू नकोस,” ती म्हणाली आणि निघाली. तिला बरोबर न्यायला त्याच्या बायकोनं टाकीवरच्या पाण्याची बाटली भरली होती. ती आक्कानं घेतली, चार पावलं गेली, आणि परत येऊन कट्ट्यावर ठेवून गेली.

शिंप्याला तिनं दोन तास पुसलं, फडकी धुतली, चमच्यानं पाणी पाजलं. उठताना शिंप्याच्या बायकोनं तांब्याभर पाणी पुढं केलं. उकळलेलं नव्हतं, घरात काडी उरली नव्हती. आक्कानं ते घेतलं आणि सगळं प्यायली. घरी येऊन तिनं हे आपणच सांगितलं.

चावीवाल्यानं विचारलं, “का प्यायलीस?”

“तहान लागली होती.”

“आक्का.”

“अरे, सकाळी तिनं एवढं बोलल्यावर संध्याकाळी तिच्या हातचं पाणी नको म्हणू? कोणत्या तोंडानं?” मग म्हणाली, “आमच्या घरी चालणार नाही असं पाणी तुम्ही प्या, असं मला म्हणता आलं नाही. तुला येतं का म्हणता, तू म्हण.”

शिंपी पहाटे गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आक्काला पहिली उलटी झाली.

त्यांनी तिला शेडमध्ये आणलं. खाट नव्हतीच, खांबाशेजारी फरशीवर जागा मिळाली. नर्सबाईंनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटी तशीच उभी राहिली, खाली बसेना. सलाइनच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. खाटांवर तिच्याहून तरणी माणसं होती, अंगावर पिणारं लेकरू असलेली एक बाई होती. नर्सबाई त्याच्या डोळ्यांत न बघता म्हणाल्या, “तोंडानं देऊ या. मीठ-साखरेचं पाणी, सारखं थोडं थोडं. चांगलं पाणी आहे का?”

“आणतो.”

तो आणि बायको दोन दिवस तेच करत होते. चार कॅन सायकलला, दोन मागं, दोन दांडीवर. चढताना रिकामी सायकल हातानं ढकलायची, उतरताना भरलेली अंगानं अडवायची, कारण ब्रेक धरत नव्हता. तोटी करंगळीएवढी, चार कॅन भरायला पाऊण तास. खाली आलं की शेडमध्ये कॅन हातोहात रिते व्हायचे आणि पुन्हा चढ. त्याच्या टाचा फुटल्या होत्या, बायकोच्या हाताला फोड येऊन फुटले होते, तिनं त्यावर चिंध्या गुंडाळल्या होत्या. बाजारातल्या मोडक्या फळकुटांवर नळाचं पाणी उकळायचं कामही तीच बघत होती, पण फळकुटंही आदल्या दिवशी संपली होती. सचिव आपल्या घरचं कपाट फोडून लाकूड घेऊन आला. ते दोन हंड्यांना पुरलं.

आक्का शुद्धीत होती. डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता. चावीवाला तिला चमचा चमचा पाजत होता. दर चार चमच्यांना ते उलटून पडायचं.

“पाय वळतात रे,” ती म्हणाली. त्यानं पोटऱ्या चोळल्या. लाकडासारख्या लागत होत्या. लहानपणी तो तापानं फणफणला की हीच अशी रात्रंदिवस पायाशी बसायची, आणि तो बरा व्हायचा.

“पाणी संपत आलंय,” नर्सबाई त्याच्या खांद्याशी येऊन म्हणाल्या. “सगळ्यांचंच.”

तो उठेना.

“तुमच्या बायकोला एकटीला झेपायचं नाही. काल ती उतारावर पडलीय, तुम्हाला सांगितलं नाही तिनं.”

त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं गुडघा साडीनं झाकून घेतला. “तुम्ही जा,” ती म्हणाली. “मी बसते आक्कांजवळ.”

आक्कानं डोळे उघडले. “जा की. बघत बसल्यानं काय होणार.”

तो गेला. चढावर सायकल ढकलताना त्याच्या मनात फक्त तोटीचा विचार होता, ती थोडी जाड असती तर. टाकीखाली बसून त्यानं कॅन भरले. धार सुतासारखी पडत होती. मध्ये एकदा त्यानं तोटीला तोंड लावून ओढून बघितलं, जणू त्यानं पाणी लवकर येणार होतं. चौथा कॅन गळ्यापर्यंत भरायला त्यानं थांबायचं नाही असं ठरवलं, आणि मग थांबला. खाली तीस माणसं होती.

तो उतरून आला तेव्हा बायको शेडच्या तोंडाशी उभी होती. त्यानं सायकल स्टँडवर लावली. कॅनची दोरी सोडायला गेला तर बोटं वळेनात, गाठ सुटेना. नर्सबाई आल्या, त्यांनी गाठ सोडली.

“आत्ताच,” त्या म्हणाल्या. “अर्धा तास झाला असेल.”

“काही म्हणाली?”

बायको म्हणाली, “आला का, विचारत होत्या. मी म्हटलं, उतारावर दिसतायत.”

“दिसत होतो?”

“नाही.”

नर्सबाईंनी एक कॅन उचलला. दुसऱ्याला हात घालून त्या थांबल्या. आतून कोणीतरी पाणी मागत होतं, मग दुसरं कोणी. “तुम्ही बसा त्यांच्याजवळ,” त्या म्हणाल्या. पण नर्सबाई एकट्या आणि हात दोन, हे त्याला दिसत होतं. त्यानं उरलेले कॅन आत नेले, हंड्यात ओतले, आणि मग खांबाशी जाऊन बसला. बायकोनं आक्काचं तोंड पुसून केस सारखे केले होते. तिच्या ओठांवर मिठाचा पांढरा थर वाळला होता. तो त्यानं बोट ओलं करून काढला.

आळीतली बरीच घरं आजारात होती, तरी तिला न्यायला माणसं आली. शिंप्याची बायको आली नाही. तिलाही सुतक होतं.

टँकर आला तो त्यानंतर चार दिवसांनी. त्याच्याबरोबर वरचे साहेब आले, सलाइनची आठ खोकी आली, आणि टँकरच्या टपावर बांधलेला बारा फुटांचा नवा पाइप आला. साहेबांनी शेड बघितली, अकरा माणसं गेल्याचं लिहून घेतलं, नर्सबाईंचं कौतुक केलं. त्या खाली बसल्या होत्या, उठल्या नाहीत.

पाइप चावीवाल्यानंच बसवला. कुजका तुकडा कापला, दोन्ही तोंडं घासली, नवा घातला, सांधे आवळले. खाली गटार नको म्हणून विटांवर उचलून घेतला. सकाळी काम धरलं, आणि न्याहारीच्या वेळेआधी झालंसुद्धा. सचिव वर उभा होता. तो घड्याळाकडे बघत होता, मग त्यानं घड्याळ बाहीखाली सरकवलं.

नळ दोन दिवस धुवायला सोडून दिला, नवी पावडर टाकली. तिसऱ्या दिवशी टँकर निघून गेला आणि चावीवाल्यानं गावाला पाणी सोडलं. खालच्या आळीच्या नळावर बायका रांगेनं उभ्या होत्या. धार पडत होती, आणि पहिली घागर कोणी लावत नव्हतं.

शिंप्याची बायको पुढं झाली. गेल्या पंधरा दिवसांत ती निम्मी झाली होती.

“हे प्यायचं का?” तिनं विचारलं.

त्याला हो म्हणायचं होतं. पाइप त्यानं बसवला होता, सांधे त्याच्या हातचे होते. पण टाकीपासून इथवर दोन मैल नळ जमिनीखाली होता, त्याच्याच वयाचा, आणि त्यातला बारा फूट सोडून बाकीचा त्यानं कधी बघितलेला नव्हता.

“गटारातलं बदललंय,” तो म्हणाला. “बाकीचं मला दिसत नाही, वहिनी.”

ती धारेकडे बघत राहिली. मग तिनं घागर खाली लावली, कारण दुसरं पाणी गावात नव्हतं. भरल्यावर ती उचलायला वाकली, तसा तो हात द्यायला पुढं झाला.

“नको,” ती म्हणाली.

तिनं घागर एकटीनंच कमरेवर घेतली. मागची बाई पुढं सरकली, मग तिच्या मागची. तो चावी धरून बाजूला उभा राहिला आणि सगळ्या घागरी भरेपर्यंत तिथून हलला नाही.